कुबरनेटीजसाठी लिनक्स सर्व्हर तयार करताना: नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टी आधी

शेलशोधक

कुबअ‍ॅडम हे कुबरनेटीजचा, म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनर (बंदिस्त ठेवलेले प्रोग्राम) चालवणाऱ्या प्रणालीचा, क्लस्टर (यंत्रांचा समूह) उभारायचं साधन. त्याच्या आज्ञा कुठेही मिळतात. अडतं ते त्याआधीच्या तयारीत, म्हणून हा धागा फक्त तयारीचा. गृहीत धरलेली मांडणी अशी: ३ नियंत्रण नोड (क्लस्टर सांभाळणारी यंत्रं), बाकीचे कामकरी नोड (प्रत्यक्ष काम चालवणारी), यंत्रं प्रत्यक्ष असोत की आभासी, वर डेबियन/उबुंटू किंवा रेड हॅट कुळातलं लिनक्स, आणि कंटेनर चालवायला कंटेनरडी.

तयारीतल्या कामांचे दोन गट पडतात. मॉड्यूल, कर्नलचे आकडे, फायरवॉल हे सगळं चालत्या क्लस्टरवरही दुरुस्त करता येतं. दुसरा गट एकदा ठरला की क्लस्टर मोडल्याशिवाय सहसा हलत नाही. त्यात चार गोष्टी येतात.

पहिली, यंत्राचं नाव. कुबलेट (प्रत्येक नोडवर चालणारा कुबरनेटीजचा कारभारी) होस्टनेमलाच नोडचं नाव मानतो आणि प्रमाणपत्रही त्याच नावाने निघतं. नंतर होस्टनेम बदललं तर नोड काढून पुन्हा जोडावा लागतो. नावात लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं, आकडे, संयोगचिन्ह आणि बिंदू एवढंच चालतं, अंडरस्कोर चालत नाही.

दुसरी, पत्त्यांचे पट्टे. कुबअ‍ॅडम सर्व्हिससाठी (पॉडच्या गटाला मिळणारा स्थिर पत्ता; पॉड म्हणजे एकत्र चालणारे कंटेनर) मुळात १०.९६.०.०/१२ घेतो, म्हणजे १०.९६ पासून १०.१११ पर्यंत सगळं. पॉडसाठी फ्लॅनेल या नेटवर्क प्लगइनच्या तयार फाइलमध्ये १०.२४४.०.०/१६ असतं, कॅलिको या दुसऱ्या प्लगइनच्या फाइलमध्ये १९२.१६८.०.०/१६. कार्यालयातलं जाळं १९२.१६८ वर असेल आणि कॅलिको तसंच बसवलं तर पॉडमधून त्या जाळ्यावरचा डेटाबेस गाठता येत नाही, कारण नोडला तो पत्ता पॉडचाच वाटतो. आणखी एक हिशेब: प्रत्येक नोडला मुळात /२४ चा तुकडा मिळतो, त्यामुळे /१६ मध्ये जास्तीत जास्त २५६ नोड मावतात. जाळं सांभाळणाऱ्यांकडून रिकामे पट्टे लेखी घ्या, व्हीपीएनचे पट्टेही विचारा.

तिसरी, नियंत्रण बाजूचा सामाईक पत्ता. आज एकच नियंत्रण नोड असला तरी कंट्रोल-प्लेन-एंडपॉइंट म्हणून डीएनएस नाव द्या आणि ते त्या एका यंत्राकडे वळवा. हे न देता उभारलेला एकनोडी क्लस्टर पुढे तीननोडी करणं कुबअ‍ॅडममध्ये समर्थित नाही. उद्या त्या नावामागे लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या अनेक यंत्रांत वाटणारा) ठेवला की काम झालं.

चौथी, डिस्कची वाटणी. त्यावर इथे माझ्याहून जाणकार मंडळी आहेत, त्यांनी लिहावं.

नियंत्रण नोडला किमान २ सीपीयू आणि २ जीबी मेमरी लागते, नाहीतर कुबअ‍ॅडमची पूर्वतपासणीच अडवते. पण तो आकडा फक्त उभं राहण्यापुरता आहे. खरं काम चालवायचं तर ४ सीपीयू आणि ८ जीबीपासून सुरुवात करा.


कर्नलकाका

चांगला धागा. कर्नलच्या बाजूचं लिहितो.

मॉड्यूल दोन: ओव्हरले आणि बीआर_नेटफिल्टर. सेटिंग तीन: नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड = १, आणि ब्रिजवरची वाहतूक आयपीटेबल्सकडे (कर्नलच्या पाकीट-नियमांकडे) पाठवणारी दोन, एक आयपीव्ही४ साठी, एक आयपीव्ही६ साठी. कुबरनेटीजच्या नव्या दस्तऐवजात फक्त आयपी फॉरवर्ड उरलंय, कारण ब्रिजचं काम नेटवर्क प्लगइनवर अवलंबून आहे. फ्लॅनेलला बीआर_नेटफिल्टर लागतंच. सिलियमसारख्या प्लगइनला लागेलच असं नाही, पण भरलेलं असलं तर बिघडत नाही.

चूक होते ती अशी. लोक हातानं मॉडप्रोब (मॉड्यूल भरायची आज्ञा) करतात, सेटिंग लावतात, सगळं चालतं, आणि पुढच्या रीबूटला पॉडचं जाळं गप्प होतं. मॉड्यूलचं नाव /इटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मधल्या फाइलीत लिहिलेलं नसेल तर रीबूटनंतर ते भरत नाही, आणि मॉड्यूल नसेल तर ब्रिजच्या दोन सेटिंगा कर्नलमध्ये अस्तित्वातच नसतात. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा) सेटिंगच्या फाइलीवर नुसती नोंद टाकून पुढे जातो. मॉड्यूल मॉड्यूल्स-लोड.डी मधून भरलं तर क्रम आपोआप बरोबर लागतो, कारण मॉड्यूल भरणारी सेवा सिसकंट्रोलच्या (कर्नलची सेटिंग लावणाऱ्या) सेवेआधी चालते.

दुसरी चूक सुरक्षा कडक करणाऱ्या स्क्रिप्टांची. त्या बहुतेक वेळा आयपी_फॉरवर्ड = ० लिहितात, कारण साध्या सर्व्हरनं पाकिटं पुढे ढकलू नयेत हे त्यांच्या दृष्टीनं बरोबरच आहे. /इटीसी/सिसकंट्रोल.डी मधल्या फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि शेवटचं मूल्य टिकतं. तुमची फाइल १० ने सुरू होत असेल आणि स्क्रिप्टची ९९ ने, तर तुमची हरली. शिवाय त्याच फोल्डरबाहेरची जुनी सिसकंट्रोल.कॉन्फ फाइल सगळ्यांच्या शेवटी लागू होऊ शकते, तिच्यातही डोकावून बघा. फाइलीत काय लिहिलंय यावर विसंबू नका, रीबूटनंतर चालू मूल्य वाचा.

सीग्रुप (प्रक्रियांना मेमरी-सीपीयूची मर्यादा घालणारी कर्नलची सोय): आवृत्ती २ च हवी. उबुंटू २२.०४, डेबियन ११, रेड हॅट ९ आणि पुढे ती मुळातच असते, रेड हॅट ८ मध्ये मुळात आवृत्ती १ असते. /सिस/एफएस/सीग्रुप कोणत्या प्रकारची फाइलप्रणाली आहे ते स्टॅट आज्ञेला विचारा, उत्तर «सीग्रुप२एफएस» यायला हवं. «टीएमपीएफएस» आलं तर जुनी. कुबरनेटीज १.३१ पासून आवृत्ती १ फक्त देखभालीपुरती ठेवली आहे, नवा क्लस्टर तिच्यावर उभारू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. कुबलेटचा सीग्रुप चालक कुबअ‍ॅडम १.२२ पासून मुळात सिस्टिमडी असतो. कंटेनरडीच्या मूळ कॉन्फिगमध्ये मात्र सिस्टिमडीसीग्रुप = फॉल्स असतं. दोघं वेगळे चालक वापरतात तेव्हा क्लस्टर आधी व्यवस्थित उठतो, मग काही मिनिटांनी एपीआय सर्व्हरचा (क्लस्टरच्या आज्ञा घेणाऱ्याचा) पॉड मरतो, उठतो, पुन्हा मरतो. नोंदीत कारण सरळ सापडत नाही, म्हणून लोक एटसीडी (क्लस्टरची माहिती ठेवणारा डेटाबेस) आणि फायरवॉल तपासत बसतात. सिस्टिमडीसीग्रुप ट्रू करून कंटेनरडी पुन्हा सुरू करा.

त्यातही खोच आहे: कंटेनरडी २.० मध्ये कॉन्फिगची आवृत्ती ३ आली आणि सीआरआय (कुबलेटशी बोलणाऱ्या) प्लगइनच्या विभागाचं नाव बदललं. जुन्या लेखातला विभाग नव्या फाइलीत चिकटवला तर तक्रार येत नाही, ओळ नुसती दुर्लक्षिली जाते. म्हणून आधी कंटेनरडीला त्याची स्वतःची मूळ कॉन्फिग छापायला सांगा आणि तिच्यातच ती एक ओळ बदला. नंतर «कंटेनरडी कॉन्फिग डंप» चालवून लागू झालेलं मूल्य बघा. आणि डॉकरच्या भांडारातून कंटेनरडी घेतला असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्या फाइलीत सीआरआय प्लगइन बंद करून ठेवलेला असतो, तो उघडावा लागतो.


रात्रपाळी

स्वॅपवर (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) कुणीच बोललं नाही. एफस्टॅबमधली (बूटला जोडायच्या डिस्कांची यादी) ओळ काढली, स्वॅपऑफ केलं, तरी रीबूटनंतर स्वॅप परत येतो आणि कुबलेट उठत नाही. असं का होतं?


कर्नलकाका

@रात्रपाळी, दोन कारणं असतात. डिस्कवर जीपीटी तक्ता असेल आणि विभागाचा प्रकार स्वॅप असेल, तर सिस्टिमडी तो एफस्टॅबशिवायही स्वतःहून चालू करतो. दुसरं झेडरॅम: फेडोरासारख्या वितरणात मेमरीतलाच दाबून ठेवलेला स्वॅप मुळात चालू असतो. «सिस्टिमसीटीएल --टाइप स्वॅप» केलं की कोणतं युनिट चालू आहे ते दिसतं. विभागाचं युनिट मास्क करा किंवा विभागाचा प्रकारच बदला. झेडरॅम असेल तर त्याचं जनरेटर पॅकेज काढा.


शेलशोधक

स्वॅप पूर्ण बंदच हवा हे आता अगदी खरं राहिलेलं नाही. कुबलेटमध्ये फेलस्वॅपऑन = फॉल्स आणि स्वॅप वर्तन «लिमिटेडस्वॅप» ठेवलं तर सीग्रुप २ वर बर्स्टेबल दर्जाच्या पॉडना मेमरीच्या मागणीच्या प्रमाणात स्वॅप मिळतो. गॅरंटीड आणि बेस्टएफर्ट या बाकीच्या दोन दर्जांच्या पॉडना तो मिळत नाही.


फिरती_चकती

मिळतो हे खरं, पण नियंत्रण नोडवर तो नकोच. एटसीडीचं एखादं पान स्वॅपमध्ये गेलं की ठोक्याला (नेता जिवंत असल्याच्या खुणेला) उशीर होतो आणि एटसीडीच्या सदस्यांत नेतानिवड सुरू होते. सुरक्षेचा मुद्दाही आहे. सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) मेमरीतल्या टीएमपीएफएस फाइलप्रणालीवर ठेवलेली असतात. तिथून ती स्वॅपमध्ये जाऊ नयेत म्हणून लागणारा «नोस्वॅप» पर्याय कर्नल ६.४ पासून आहे. त्याहून जुन्या कर्नलवर स्वॅप ठेवायचाच असेल तर तो कूटबद्ध हवा. माझं मत: कामकरी नोडवर गरज मोजून द्या, नियंत्रण नोडवर शून्य.

आता डिस्क.

एटसीडीला वेग मेगाबाइटमध्ये लागत नाही, प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं व्हायला किती वेळ लागतो ते महत्त्वाचं. एटसीडी मुळात दर १०० मिलिसेकंदांनी ठोका पाठवतो आणि १००० मिलिसेकंद ठोका आला नाही तर बाकीचे सदस्य नवा नेता निवडायला लागतात. डिस्क अधूनमधून अर्धा सेकंद अडकत असेल तर क्लस्टर विनाकारण नेते बदलत राहतो आणि वर «एपीआय सर्व्हर हळू आहे» एवढंच दिसतं.

क्लस्टर उभारण्याआधी एफआयओ (डिस्कचा वेग मोजायचं साधन) चालवा: क्रमवार लिखाण, इंजिन सिंक, एफडेटासिंक १, तुकडा २३०० बाइट, एकूण २२ एमबी, आणि फोल्डर तोच जिथे एटसीडी राहणार आहे. निकालात एफडेटासिंकचा ९९ वा शतमक (१०० पैकी ९९ लिखाणं ज्या वेळेच्या आत होतात तो) बघा. तो १० मिलिसेकंदांच्या आत हवा. सरासरी बघू नका, ती जवळजवळ नेहमी छान दिसते. आभासी यंत्रांवर ही चाचणी तीनही नोडवर एकाच वेळी चालवा. तिघांच्या डिस्क खाली एकाच साठवणुकीवर असतील तर एकेकट्याचा निकाल फसवा असतो.

एटसीडीचे सदस्य विषम ठेवा: ३ असतील तर १ गेलेला चालतो, ५ असतील तर २. चार ठेवूनही एकच गेलेला चालतो, म्हणजे चौथ्याचा फायदा काहीच नाही.

वाटणी करताना /व्हार/लिब/एटसीडी वेगळ्या डिस्कवर, निदान वेगळ्या विभागावर. त्याचा साठा मुळात २ जीबीपर्यंतच वाढू शकतो आणि ८ जीबीच्या वर नेऊ नये असं सांगितलं जातं, त्यामुळे २० जीबीची जलद डिस्क पुष्कळ झाली. कामकरी नोडवर /व्हार/लिब/कंटेनरडी आणि /व्हार/लिब/कुबलेट रूटपासून वेगळे. इमेज (कंटेनरच्या तयार फाइली) आणि पॉडच्या नोंदींनी रूट भरला तर एसएसएचने आत शिरणंही जड जातं.

कुबलेटच्या मर्यादा लक्षात ठेवूनच आकार ठरवा. नोडच्या फाइलप्रणालीत १०% पेक्षा कमी जागा उरली, इमेजच्या फाइलप्रणालीत १५% पेक्षा कमी, किंवा आयनोड (फाइलप्रणालीतल्या फाइलींच्या नोंदी) ५% पेक्षा कमी उरले की तो पॉड हाकलायला लागतो. न वापरातल्या इमेज साफ करणं ८५% वापराला सुरू होतं आणि ८०% वर थांबतं. म्हणजे १०० जीबीच्या विभागात तुमच्या हाती प्रत्यक्षात ८५.

आयनोडकडे कुणी बघत नाही. एक्स्ट४ मुळात दर १६ केबीमागे एक आयनोड बनवते, आणि नंतर त्यांचं प्रमाण वाढवता येत नाही. हजारो बारीक फाइली असलेल्या इमेज खूप असतील तर जागा शिल्लक असतानाही नोडवर डिस्कप्रेशर (डिस्क संपत आल्याची खूण) लागतं. एक्सएफएस आयनोड गरजेप्रमाणे बनवते, मी तीच सुचवीन, पण जुन्या यंत्रावर आधी बनवलेली असेल तर एफटाइप = १ आहे ना ते तपासा. ० असेल तर ओव्हरले तिथे नीट चालत नाही आणि पुन्हा फॉरमॅट करण्यावाचून मार्ग नाही.


अवनी_के

आभासी यंत्रांचा एक साचा बनवून त्याच्या प्रती काढल्या तर त्या साच्यात काय काय पुसायला हवं? दोन नोडना डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) एकच पत्ता मिळतोय, मॅक पत्ते मात्र वेगळे आहेत.


पाकीटशोध्या

@अवनी_के, ते मशीन-आयडीमुळे. सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला स्वतःची ओळख मशीन-आयडीपासून बनवून देतो, मॅक पत्त्यापासून नाही. साच्यात /इटीसी/मशीन-आयडी ही फाइल रिकामी करा, काढून टाकू नका. रिकामी असली की पहिल्या बूटला नवी ओळख तयार होते.

त्याशिवाय एसएसएचच्या यजमान किल्ल्या पुसा. आयस्कझी (जाळ्यावरून डिस्क जोडायची पद्धत) वापरणार असाल तर इनिशिएटरचं नाव प्रत्येक प्रतीत वेगळं हवं, नाहीतर दोन नोड एकाच नावानं साठवणुकीशी बोलतील आणि डेटा खराब होण्याची खरी भीती आहे. प्रॉडक्ट यूयूआयडीही वेगळा असायला हवा. तो यंत्राच्या बायोस माहितीतून येतो, त्यामुळे आतून बदलता येत नाही, आभासीकरणाच्या बाजूनेच बदलावा लागतो. साच्यात कुबलेट आधीच एकदा चालला असेल तर /व्हार/लिब/कुबलेट आणि /इटीसी/कुबरनेटीज रिकामं करा.

आता जाळ्याकडे वळतो, कारण त्यावरचा भाग अजून आलेला नाही.

उघडी हवीत ती दारं (पोर्ट): एपीआय सर्व्हर ६४४३, एटसीडी २३७९ आणि २३८० (फक्त नियंत्रण नोडमध्ये आपापसात), कुबलेट १०२५० सगळ्या नोडवर, कंट्रोलर मॅनेजर १०२५७, शेड्यूलर १०२५९, आणि नोडपोर्ट (सर्व्हिस थेट नोडच्या पत्त्यावर उघडणं) वापरणार असाल तर ३०००० ते ३२७६७. हे टीसीपीचं झालं. विसरलं जातं ते यूडीपीचं: व्हीएक्सलॅनसाठी (पॉडची पाकिटं एका नोडवरून दुसऱ्यावर नेणारा बोगदा) फ्लॅनेल आणि सिलियम ८४७२ वापरतात, कॅलिको ४७८९. ते बंद असेल तर एकाच नोडवरचे पॉड एकमेकांशी बोलतात आणि वेगवेगळ्या नोडवरचे बोलत नाहीत. हे लक्षण दिसलं की सगळ्यात आधी इथेच बघा. कॅलिको बीजीपीने (जाळ्यातले मार्ग एकमेकांना कळवायची पद्धत) चालवत असाल तर टीसीपी १७९.

फायरवॉलडीबद्दल. त्याचे नियम एनएफटेबल्समध्ये स्वतःच्या तक्त्यात असतात. एका तक्त्यानं पाकीट स्वीकारलं तरी दुसरा ते टाकून देऊ शकतो. म्हणून आयपीटेबल्समध्ये परवानगी दिसत असूनही पाकीट हरवतं. एक तर फायरवॉलडी बंद करून सीमेवरच्या फायरवॉलवर आणि नेटवर्क पॉलिसीवर (पॉडच्या वाहतुकीचे क्लस्टरमधले नियम) भिस्त ठेवा, नाहीतर पॉड आणि सर्व्हिस दोन्हींचे पट्टे विश्वासू झोनमध्ये घाला. अर्धवट ठेवलेला फायरवॉलडी सगळ्यात वाईट.

एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार): व्हीएक्सलॅनला ५० बाइट लागतात, म्हणजे खालचं जाळं १५०० असेल तर पॉडला १४५०. आयपीआयपी या दुसऱ्या बोगद्याला २०, म्हणजे १४८०. खालचं जाळंच दुसऱ्या बोगद्यातून जात असेल तर तेही वजा करा. चुकलं तर पिंग चालतं, टीएलएसची जोडणी सुरू होते आणि पहिल्या मोठ्या पाकिटाला लटकते. तपासायला एका नोडवरच्या पॉडमधून दुसऱ्या नोडवरच्या पॉडला तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग करा, आकार १४२२. त्यात २८ बाइटांची शीर्षकं मिळवली की १४५० होतात.

एमटीयू बरोबर, दारं उघडी, पिंग चालतंय, तरी दुसऱ्या नोडवरचं टीसीपी अडकत किंवा मिनिटभरानं उघडत असेल तर चेकसमचा (पाकीट बरोबर पोचलं का ते तपासणारा आकडा) भार नेटवर्क कार्डवर टाकण्याची सोय संशयित. काही आभासी कार्डं आणि काही कर्नल व्हीएक्सलॅनमधल्या पाकिटांचा चेकसम चुकवतात. ईथटूलने फ्लॅनेल.१ या इंटरफेसवरचं टीएक्स-चेकसम-आयपी-जेनेरिक बंद करून बघा. लगेच सुरळीत झालं तर कारण सापडलं. मग तेच यूडेव्हच्या नियमात घाला, नाहीतर रीबूटला परत येईल.


रात्रपाळी

नेटवर्कमॅनेजर असलेल्या यंत्रांवर आणखी एक करा. कॅलिकोचे कॅली आणि टनल नावाचे इंटरफेस त्याच्या «अनमॅनेज्ड» यादीत टाका. नाहीतर तो त्यांच्यावरचे मार्ग स्वतःच्या समजुतीप्रमाणे बदलतो.

डीएनएसचंही: उबुंटूत /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ १२७.०.०.५३ कडे बोट दाखवते. तीच फाइल पॉडमध्ये गेली तर कोअरडीएनएस (क्लस्टरची नावं शोधणारी सेवा) स्वतःलाच विचारत बसतो, चक्र ओळखतो आणि पडतो. सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी चालू दिसला तर कुबअ‍ॅडम योग्य फाइल स्वतः निवडतो. हातानं बांधलेल्या कुबलेटला मात्र /रन/सिस्टिमडी/रिझॉल्व्ह मधली रिझॉल्व्ह.कॉन्फ द्यावी लागते.


अवनी_के

धन्यवाद पाकीटशोध्या, मशीन-आयडी रिकामी केल्यावर पत्ते वेगळे आले.

आणखी दोन गोष्टी विचारते. कर्नलच्या नोंदीत «एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट» दिसतं. आणि पॉडच्या नोंदी सतत बघायची आज्ञा दिली की «टू मेनी ओपन फाइल्स» येतं, यूलिमिट (उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा) तर भरपूर आहे.


कर्नलकाका

@अवनी_के, दुसऱ्याचा यूलिमिटशी संबंधच नाही, संदेश दिशाभूल करणारा आहे. संपलेत ते आयनोटिफायचे (फाइलीतले बदल कळवणारी कर्नलची सोय) इन्स्टन्स. मूळ मर्यादा प्रत्येक वापरकर्त्यामागे १२८ असते, आणि यूजर नेमस्पेस नसतील तर सगळ्या कंटेनरमधला रूट हा नोडच्या दृष्टीनं एकच वापरकर्ता. एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_इन्स्टन्सेस ८१९२ करा, मॅक्स_यूजर_वॉचेस ५२४२८८. मेमरी जेवढ्यास तेवढीच जाते, मर्यादा वाढवल्यानं काही अडत नाही.

कॉनट्रॅकचं (कर्नलमधला चालू जोडण्यांचा तक्ता): कुब-प्रॉक्सी (सर्व्हिसची वाहतूक पॉडकडे वळवणारा) स्वतः मर्यादा ठरवतो, प्रत्येक कोअरमागे ३२७६८, पण एकूण किमान १३१०७२. म्हणून सिसकंट्रोलमध्ये लिहिलेला तुमचा आकडा कुब-प्रॉक्सी सुरू झाला की पुसला जाऊ शकतो. बदल त्याच्या कॉन्फिगमॅपमध्ये करा. पण आधी भरलंय कशानं ते बघा. बहुतेक वेळा डीएनएसच्या यूडीपी प्रश्नांचा मारा असतो: पॉडमध्ये एनडॉट्स ५ असल्यामुळे बाहेरचं एक नाव शोधताना आधी क्लस्टरमधले सगळे प्रत्यय लावून बघितले जातात. प्रत्येक नोडवर स्थानिक डीएनएस साठा ठेवला की कॉनट्रॅकवरचा ताण बराच उतरतो.


बोधिवृक्ष_०७

एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा) परमिसिव्ह (नुसती नोंद, अडवणूक नाही) करा असं कुबअ‍ॅडमच्या मार्गदर्शिकेतच आहे. कुणी एन्फोर्सिंगवर चालवतं का?


फिरती_चकती

चालवता येतं आणि चालवावं. कंटेनर-एसईलिनक्स हे पॅकेज कंटेनरडीच्या आधी बसवा आणि कंटेनरडीच्या कॉन्फिगमध्ये एसईलिनक्सचा पर्याय चालू करा. अडचण येते होस्टपाथ वापरणाऱ्या पॉडची, कारण नोडवरच्या फोल्डरला कंटेनरचं लेबल नसतं. ऑसर्चने एव्हीसी (नकाराच्या) नोंदी काढा, त्या फोल्डरचं लेबल कायमचं बदला. पूर्ण एसईलिनक्स झोपवायची गरज नाही. कंटेनरमधून सुटका करून घेणाऱ्या हल्ल्यांपुढे उभी राहणारी ती शेवटची भिंत आहे.

साठवणुकीबद्दल तेवढंच. लाँगहॉर्न ही साठवण प्रणाली घेणार असाल तर प्रत्येक नोडवर ओपन-आयस्कझी आणि एनएफएसचं क्लायंट पॅकेज लागतं. उबुंटू सर्व्हरवर मल्टिपाथडी (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणारा) मुळातच चालू असतो आणि तो लाँगहॉर्नच्या डिस्क स्वतःच्या ताब्यात घेतो, मग पॉड «माउंट पॉइंट बिझी» म्हणून अडकतो. मल्टिपाथ.कॉन्फमध्ये एसडी नावाची उपकरणं काळ्या यादीत टाका. मात्र तुमची बूट डिस्कच सॅनवर मल्टिपाथनं येत असेल तर सरसकट टाकू नका, यंत्र उठणार नाही. रूक-सेफ या दुसऱ्या साठवण प्रणालीला उलट कोरी डिस्क लागते. जुन्या फाइलप्रणालीचा शिक्का उरला असेल तर ती डिस्क गुपचूप वगळली जाते. वाइपएफएस आणि एसजीडिस्कनं साफ करा, पण आधी एलएसबीएलकेमध्ये क्रमांक दोनदा जुळवा.


पाकीटशोध्या

वेळेचा मुद्दा राहिला. नोडच्या घड्याळांत फरक पडला की नव्या प्रमाणपत्रावर «अजून वैध नाही» असा नकार येतो आणि एटसीडीही इशारे देऊ लागतो. क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) सगळ्यांवर, स्रोत तेच. क्रोनीत बहुतेक ठिकाणी «मेकस्टेप १ ३» लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त पहिल्या तीन मोजण्यांतच घड्याळ एकदम सरकवायची मुभा. आभासी यंत्र थांबवून पुन्हा सुरू केलं तर तेवढ्यानं भागत नाही, घड्याळ हळूहळू सरकत राहतं. तिथे ३ च्या जागी -१ ठेवा.


शेलशोधक

पॅकेजचं मी लिहितो. कुबरनेटीजचं जुनं भांडार सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवलं आणि २०२४ मध्ये काढून टाकलं. नव्या भांडारात प्रत्येक लहान आवृत्तीचा पत्ता वेगळा आहे, म्हणजे १.३१ वरून १.३२ ला जाताना भांडाराची ओळही बदलावी लागते. कुबलेट, कुबअ‍ॅडम, कुबसीटीएल यांना एपीटी-मार्कने होल्ड लावा. कुबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा पुढचा कधीच नसावा, मागे मात्र तीन लहान आवृत्त्यांपर्यंत चालतो. आपोआप होणाऱ्या सुरक्षा अद्ययावतीकरणातून कंटेनरडीही वगळा. कर्नलचं अद्ययावतीकरण येऊ द्या, पण रीबूट आपोआप होऊ देऊ नका: आधी ड्रेन (नोडवरचे पॉड काढून घेणं), मग रीबूट, आणि एका वेळी एकच नियंत्रण नोड.


बोधिवृक्ष_०७

ड्रेन न करता कुणी यंत्र सरळ बंद केलं तर कुबलेट पॉडना वेळ देतो ना?


शेलशोधक

मुळात नाही. शटडाउनग्रेसपीरियड शून्य असतो. तो ६० सेकंद आणि त्यातले महत्त्वाच्या पॉडसाठी १५ असं काही ठेवा, आणि नंतर लॉगिनडीचं इनहिबिट-डिले (यंत्र बंद करण्याआधी तो जास्तीत जास्त किती थांबेल ते) तपासा. कुबलेट ते स्वतः वाढवायचा प्रयत्न करतो, पण वितरणाच्या किंवा तुमच्याच एखाद्या फाइलीत कमी आकडा नंतरच्या क्रमानं आला तर तोच लागू होतो. «सिस्टिमडी-इनहिबिट --लिस्ट» मध्ये कुबलेटची ओळ दिसली म्हणजे त्यानं थांबवायची परवानगी घेतलेली आहे. ओळ नसेल तर कॉन्फिगमध्ये काहीही लिहिलेलं असो, यंत्र बंद होताना पॉडना सवड मिळणार नाही.